रातपाळीचा उजेड, दिवसाची झोप

रातपाळी संपवून घरी आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांना विचारला आहे. त्यात चाकणच्या कारखान्यातले ऑपरेटर होते, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका होत्या, इचलकरंजीत मागावर उभे राहणारे कामगार होते. उत्तरं बहुतेक एकाच वळणाची. पोराला शाळेच्या रिक्षात बसवून येतो. बसथांब्यावरून येतानाच दूध-भाजी घेते. दारात खुर्ची टाकून चहा पितो, पेपर चाळतो, मग अंघोळ आणि मग झोप. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण झोप काही धड लागत नाही हो. लागली तरी साडेअकराला डोळे टक्क उघडतात."

या तुटक्या झोपेचं खापर लोक आवाजावर फोडतात. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावरचं मिक्सर. आवाजाचा त्रास आहेच. पण मी स्वतः चौदा वर्षं विजेच्या देखभालीचं काम केलं, त्यातली कितीतरी वर्षं फिरत्या पाळीत. माझं ठाम मत झालं आहे की दिवसाच्या झोपेचं पहिलं नुकसान अंथरुणावर पडण्याआधीच होऊन गेलेलं असतं. ते होतं पहाटे चार ते सकाळी नऊ या वेळेत डोळ्यांत गेलेल्या उजेडाने. यावरचे उपाय स्वस्त आहेत आणि बरेचसे तुमच्या हातातले आहेत. त्यासाठी आधी उजेड आत जाऊन काय करतो ते थोडं समजून घ्यावं लागेल.

डोळा दोन कामं करतो. एक पाहण्याचं. दुसरं, बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवण्याचं. दुसऱ्या कामासाठी डोळ्याच्या पडद्यात थोड्याशा वेगळ्या पेशी आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी स्वतःहून उजेड टिपतात हे दाखवून दिलं. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याला निळसर उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. त्याआधीच, १९९५ साली, एक चकित करणारी गोष्ट समोर आली होती: ज्यांना काहीही दिसत नाही अशा काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला, तर त्यांच्याही शरीराला तो 'कळत' होता. पाहणं संपलं तरी दिवस-रात्र ओळखणं शाबूत होतं.

हा निरोप जातो मेंदूतल्या जेमतेम वीस हजार पेशींच्या एका पुंजक्याकडे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर तो असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. अंधार पडला की ते मेलाटोनिन नावाचा स्राव सुरू करायला लावतं. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे, ती रात्र झाल्याची दवंडी आहे. यकृत, आतडी, रक्तदाब, सगळे ही दवंडी ऐकून आपापलं काम बदलतात. १९८० साली आल्फ्रेड ल्युई यांनी दाखवलं की रात्री २,५०० लक्सचा उजेड दिला तर माणसातही ही दवंडी बंद पडते. पुढच्या वीस वर्षांत कळलं की एवढ्या प्रखर उजेडाचीही गरज नाही, शंभरेक लक्सलाही बराच परिणाम होतो.

लक्स हे उजेड मोजायचं माप. अंदाज यावा म्हणून सांगतो. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सहूनही कमी. घरातल्या एका ट्यूबखाली शंभर-दीडशे. ऑफिसात टेबलावर तीनशे ते पाचशे. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा हजार, भर उन्हात लाखभर. आता तो दारातला चहा आठवा. रातपाळीचे आठ तास ज्या दिव्यांखाली काढले, त्यांच्या कितीतरी पट उजेड त्या वीस मिनिटांत डोळ्यांत जातो. झोपेसाठी आपण मोबाइलला फार बोल लावतो. मोबाइलचा पडदा डोळ्यापाशी फार तर पन्नासेक लक्स देतो. तोही टाळावाच, पण सकाळच्या उन्हापुढे त्याची बात नको.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. रात्री झोपणाऱ्या माणसात ते पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं. ही वेळ रातपाळीवाल्याला सांगायला नको. पापण्या जड होतात, अंगात बारीक थंडी भरते, समोरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. याला आपण 'तळ' म्हणू. तळाच्या आधीचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजे झोपेची वेळ उशिरावर जाते. तळानंतरचा उजेड तेच घड्याळ मागे ओढतो. रातपाळीवाल्याला हवी असते सकाळी आठला झोप, म्हणजे घड्याळ उशिरावर जायला हवं. रात्री अकरा ते तीनचा उजेड त्याला मदत करतो. पहाटेनंतरचा उजेड आणि सातनंतरचं ऊन ती सगळी मदत पुसून टाकतं आणि घड्याळाला सांगतं, दिवस उगवला, ऊठ. म्हणून साडेअकराला डोळे उघडतात.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. घड्याळ एका दिवसात तास-दोन तासांपेक्षा जास्त सहसा हलत नाही. १९९० साली हार्वर्डच्या चार्ल्स झाईस्लर यांनी काही तरुणांना रात्रभर सात ते बारा हजार लक्सच्या उजेडात बसवलं आणि दिवसा काळोख्या खोलीत झोपवलं. आठवड्याच्या आत त्यांचा तळ पहाटेवरून दुपारी सरकला. साध्या दिव्यांखाली बसलेल्यांचा तळ पहाटेलाच राहिला. प्रयोग मोलाचा, पण आपल्याकडे बहुतेकांची पाळी दर आठवड्याला बदलते. सहा रात्री खटपट करून घड्याळ पार उलटं फिरवायचं आणि सातव्या दिवशी फर्स्ट शिफ्टसाठी पुन्हा सुलटं, ही दुहेरी शिक्षा आहे. आठवड्याची पाळी असेल तर त्या वाटेला जाऊ नका. घड्याळ तीन-चार तास उशिरावर गेलं, तळ सकाळी सात-आठच्या पुढे सरकून तुमच्या झोपेच्या आत आला, एवढं पुरे. तळ झोपेत आला की झोप टिकते.

कायम रातपाळी करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. शिकागोच्या रश विद्यापीठात शार्मेन ईस्टमन यांनी त्यांच्यासाठी मधला मार्ग तपासला: तळ सकाळी दहाच्या आसपास आणून तिथेच ठेवायचा. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारपर्यंत झोप, आणि सुट्टीच्या दिवशी रात्री दहाला न झोपता तीनच्या सुमारास झोपून दुपारी बाराला उठायचं. घरच्यांना हे विचित्र वाटतं. पण सुट्टीच्या दिवशी सगळ्यांबरोबर रात्री दहाला झोपायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा कामाला उभं राहायचं, यात दर आठवड्याला शरीर नव्याने मार खातं.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी. पाळी रात्री अकरा ते सकाळी सात धरून सांगतो, तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर तेवढ्याने सरकवा.

अकरा ते तीन या वेळेत उजेडाला घाबरू नका. उलट तो घ्या. भरपूर उजेडाच्या जागी काम करा, मधली सुट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात न काढता दिव्याखाली काढा. याने जाग राहते आणि घड्याळही हव्या त्या दिशेला जातं. या वेळी सरसकट पिवळे चष्मे लावून बसण्याची टूम काही ठिकाणी दिसते. ती चुकीच्या वेळी घेतलेल्या औषधासारखी आहे.

चारनंतर हात आखडता घ्या, पण इथे मी फार जपून सांगतो. प्रेस, लेथ, क्रेन, उकळतं रसायन, सलाईनची सुई, यांच्या जवळचा उजेड झोपेसाठी एका लक्सनेही कमी करायचा नाही. पहाटे चार ही अपघाताची वेळ आहे आणि हात गमावण्यापेक्षा झोप गमावलेली परवडली. कमी करायचा तो फुकट डोळ्यांत जाणारा उजेड. पहाटेची सुट्टी कँटीनच्या झगझगीत रांगेखाली न काढता कडेच्या टेबलावर काढा. लॉकररूममधल्या चार ट्यूबपैकी दोन पुरतात. वरून येणारा उजेड या घड्याळाला जास्त लागतो, म्हणून पुढे कड असलेली टोपी घाला. हेल्मेट असेल तर त्याची कड तेच काम करते. शेवटचा चहा-कॉफी तीनच्या आत संपवा. कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही अंगात असतो.

केशरी काचेचा चष्मा निळा उजेड अडवतो, तो पाळीच्या शेवटच्या तास-दीड तासात उपयोगी पडू शकतो. पण ज्यांना तारांचे रंग, पॅनेलवरचे लाल-हिरवे दिवे, औषधांची लेबलं ओळखायची आहेत त्यांनी कामावर तो मुळीच लावू नये. त्याने निळं काळं दिसतं. इलेक्ट्रिशियन म्हणून ही सूचना मी दोनदा देईन.

सकाळी सातला गेटबाहेर पडताना खरी कसोटी. पुण्यात मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे थंडीत तुम्ही अंधुक उजेडात निघता आणि उन्हाळ्यात तासभर चढलेल्या उन्हात. "उन्हाळ्यात रातपाळी बाधते" असं लोक म्हणतात, त्यात उकाड्याइतकाच या लवकर उगवणाऱ्या सूर्याचा हात आहे. कंपनीच्या बसने जात असाल तर बसमध्ये चढतानाच चांगल्या गडद काचेचा, बाजूने झाकणारा गॉगल लावा, उन्हाची बाजू सोडून बसा, खिडकीचा पडदा ओढा. पण दुचाकीवर असाल तर गडद गॉगल नको. रात्रभर जागलेला मेंदू आणि अंधारलेला रस्ता ही जोडगोळी जीव घेते. दुचाकीवाल्यांनी उजेड डोळ्यांत गेला तरी चालेल असं समजून नीट घरी पोचावं. डोळे मिटत असतील तर निघण्याआधी कंपनीतच वीस मिनिटं डुलकी काढावी, मग पाच मिनिटं थांबून निघावं. जमत असेल त्यांनी रातपाळीच्या आठवड्यापुरती गाडी घरी ठेवून बस धरावी.

अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या हिंजवडी-ऐरोलीच्या मुलामुलींना इथे एक फायदा आहे. कॅब त्यांना बहुधा सूर्योदयाआधी घरी सोडते. तो फायदा ते गच्चीत गप्पा मारत घालवतात. सूर्य उगवण्याच्या आत खोलीत शिरा, एवढंच त्यांना सांगणं.

मग ते मुलाला शाळेत सोडणं, दूध, भाजी. ही कामं आठवडाभर दुसऱ्या कुणी करता येतील का, हे घरात बसून एकदा बोला. परिचारिकांचे यात सगळ्यात जास्त हाल होतात. रात्रभर वॉर्ड सांभाळून आल्यावर डबा, पाणी भरणं, धुणं हे सगळं त्यांचीच वाट पाहत असतं, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पूर्वेला. "आधी हिला झोपू दे" हे घरातल्या पुरुषाने किंवा सासूबाईंनी ठरवलं, तर कोणत्याही दिव्यापेक्षा आणि पडद्यापेक्षा जास्त काम होतं. दोन तासांनी केलेली भाजी बिघडत नाही. अगदीच बाहेर पडणं चुकत नसेल तर गॉगल आणि टोपी घालून जा आणि लगेच परत या.

झोपायच्या खोलीत अंधार म्हणजे पडदा ओढल्यावरचा अंधार नव्हे. हात समोर धरला तर बोटं मोजता येऊ नयेत, असा. झोपताना डोळ्यांवर एक लक्सहून कमी उजेड असावा, असं २०२२ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं आहे. ज्यांना स्वतंत्र खोली आहे त्यांनी काळ्या अस्तराचा पडदा भिंतीला चिकटून लावावा आणि तो खिडकीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा ठेवावा, कारण उजेड कडांतूनच शिरतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी काचेला आतून पुठ्ठा किंवा स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल चिकटवावी, चाळीतल्या झरोक्याला जुनी गोधडी टांगावी. मात्र हवा अडता कामा नये. पत्र्याच्या घरात दार-खिडकी गच्च बंद केली तर उजेड जाईल आणि उकाडा झोप मोडेल. तिथे खिडकी उघडी ठेवून डोळ्यांवर पट्टी बांधणं बरं. शंभर-दीडशे रुपयांची पट्टी मिळते, नाहीतर मऊ सुती पंच्याची दोनपदरी घडी चालते. एकाच खोलीत पाच माणसं राहत असतील तिथे ही पट्टी आणि कानातले बोळे, एवढ्यावर मी स्वतः कित्येक आठवडे काढले आहेत. मधे लघवीला उठलात तर मोठा दिवा लावू नका, जमिनीलगत एखादा मंद पिवळा दिवा असू द्या.

दुपारी तीन-चारला उठल्यावर मात्र बाहेर पडा. ऊन घ्या. रातपाळीवाल्यांच्या अंगाला ऊन फार कमी लागतं, आणि ड जीवनसत्त्व सोडा, नुसती तरतरी येण्यासाठीही हा उजेड हवा. सकाळची झोप कमी पडली असेल तर रात्री कामावर निघण्याआधी तास-दीड तास अंधारात पडून घ्या. ही डुलकी पहाटे चारच्या वेळी कामाला येते.

आता ज्यांच्या हातात कारखान्याचे आणि रुग्णालयाचे दिवे आहेत त्यांच्यासाठी थोडं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांतर्फे जे निवेदन दिलं, त्यात एक मागणी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. तेव्हा कामाची वेळ सूर्य ठरवत होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची ती कड पुसली गेली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या सतराव्या कलमाने उजेड पुरेसा असावा, डोळ्यांवर तिरीप येऊ नये, सावल्या पडू नयेत असं सांगितलं. किती वाजता कसा उजेड, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. आज तो विचारायला हवा.

पहिलं काम, दिव्यांच्या खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा. आपल्याकडे सगळीकडे ६,५०० केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे लागतात, कारण पांढरं म्हणजे स्वच्छ अशी आपली समजूत. तेवढाच उजेड देणाऱ्या २,७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात झोपेला बाधणारा निळा भाग साधारण निम्माच असतो. विश्रांतीची खोली, जिने, कॉरिडॉर, स्वच्छतागृह, वॉर्डमधला रात्रीचा दिवा, इथे पिवळसर दिवे बसवा. वॉर्डात त्याने रुग्णही झोपतात. परिचारिकांच्या टेबलावर छतातला दिवा नको, टेबलापुरता उजेड पाडणारा शेड असलेला दिवा द्या. दुसरं, छतावरच्या दिव्यांच्या रांगा एकाच स्विचवर ठेवू नका. ज्या बाजूला रात्री काम नसतं तिथली रांग बंद करता आली पाहिजे. वायरिंग नव्याने होतं तेव्हा हा खर्च नगण्य असतो. आणि उजेड मोजताना लक्समीटर टेबलावर आडवा ठेवून थांबू नका. तो कामगाराच्या डोळ्यांच्या उंचीला, तो बघतो त्या दिशेला उभा धरा. मी एका तपासणी टेबलावर असं मोजलं तेव्हा टेबलावर सातशे लक्स आणि डोळ्यापाशी अडीचशे निघाले. घड्याळाला कळतो तो दुसरा आकडा.

तिसरी गोष्ट दिव्यांच्या पलीकडची आहे, पण तिच्याशिवाय बाकीचं अपुरं राहतं. पाळी फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमाने फिरवा. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात केलेल्या अशा बदलाचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. आधी तिथे पाळी उलट्या क्रमाने दर आठवड्याला फिरत असे. क्रम सुलटा केला आणि पाळी तीन आठवड्यांनी बदलायला सुरुवात केली, तेव्हा कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. कारण साधं आहे: बहुतेकांचं शरीर लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सहज मानतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीला बहुधा कर्करोगकारक गटात ठेवलं. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही, पाळीचा तक्ता हा आरोग्याचा कागद आहे एवढं व्यवस्थापनाला दिसावं म्हणून सांगतो.

मेलाटोनिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणून खाऊ नका. मधुमेह, फिट येणं, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा मनाचे टोकाचे चढउतार असतील, तर प्रखर उजेडाचे दिवे वापरण्याआधीही डॉक्टरांशी बोला. सगळं करूनही महिनाभर झोप येत नसेल, किंवा झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडकणं घरच्यांना दिसत असेल, तर तो प्रश्न उजेडाचा नाही. तपासून घ्या.

उरला आठवड्याचा शेवटचा दिवस. रातपाळीची शेवटची सकाळ संपली की कुठे रविवारची, भोसरीसारख्या ठिकाणी गुरुवारची सुट्टी येते, आणि परवा सकाळी फर्स्ट शिफ्ट. त्या दिवशी सगळे नियम उलटे करायचे. सकाळी आठला झोपा, पण साडेअकराचा गजर लावा आणि उठाच, कितीही जड वाटलं तरी. जेवून बाहेर पडा. बाजार करा, शेतावर जा, मुलांबरोबर मैदानात बसा, तीन-चार तास उघड्यावर काढा, म्हणजे उशिरावर गेलेलं घड्याळ पुन्हा मागे यायला लागेल. दुपारी डुलकी नको. संध्याकाळी सातनंतर घरातली मोठी ट्यूब बंद, एक पिवळा दिवा पुरे, आणि साडेनऊला अंथरुणावर. गॉगल त्या दिवशी पिशवीतच राहू द्या.